जुन्या पीसीतली हार्डडिस्क: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जुना पीसी दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला: “अजून किती दिवस चालेल?” हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. दहा वर्षं बिनतक्रार चाललेल्या डिस्क आमच्याकडे येतात आणि दोन वर्षांत बसलेल्याही. त्यामुळे “वर्षभर काही होत नाही” अशी हमी आम्ही देत नाही.

डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे धुळीचा कण शिरला तरी चकतीवर ओरखडा उठू शकतो. म्हणून घरी झाकण खोलून बघू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बाजूला काढलेले डिस्कचे कप्पे) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे संशयित कप्पे) या दोन ओळी बघा. आकडा शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क बदलायला घ्या. ‘सीआरसी एरर’ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असतील तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलून बघावी, थोडक्यात निभावतं. पण सगळं ‘गुड’ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. गुगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या अशा चार महत्त्वाच्या नोंदींत एकही इशारा आढळला नव्हता.

इशारा मिळतो तेव्हाही आपण ऐकतोच असं नाही. पीसी सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ (डिस्कची तब्येत बिघडल्याचा इशारा) येतं आणि रोज एफ-वन दाबून बिलं काढणं चालू राहतं! टकटक आवाज, फोल्डर उघडायला लागणारा वेळ, मध्येच गोठणारं विंडोज, यातलं काही दिसलं तर आधी कामाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा. चेकडिस्क (डिस्कच्या चुका दुरुस्त करणारं), डीफ्रॅग (फाइलचे तुकडे सलग लावणारं) किंवा फॉरमॅट यांच्या नादी तेव्हा लागू नका, आजारी डिस्कवर त्याने आणखी ताण येतो. टकटक आवाज सतत येत असेल तर कॉपीच्याही फंदात न पडता पीसी बंद करून आमच्याकडे आणा.

“बॅकअप आहे की, डी ड्राइव्हला टाकलाय,” हे आम्ही सांगलीत गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत ऐकतो. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की टॅलीचा डेटा आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकदम जातात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती काम झालं की काढून ठेवा. दुकान कृष्णाकाठच्या सखल भागात असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी ठेवा; २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेलच.

पाण्यात बुडालेली डिस्क चालू करून बघू नका, उन्हात वाळवू नका. बऱ्याच डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गाळ आत जाऊ शकतो. तशीच पिशवीत गुंडाळून आणा. असा डेटा काढणं धूळविरहित स्वच्छ खोली असलेल्या लॅबचं काम आहे, आमचं नाही. खर्च मोठा येतो, तो आधी विचारून मगच आम्ही डिस्क पुढे पाठवतो.

साटा जोडणी असलेल्या जुन्या पीसीला आम्ही एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, सुचवतो. मशीन पळतं, धक्क्याची भीती कमी होते. पण एसएसडी आवाज न करता एकाएकी बंद पडू शकते, तेव्हा बॅकअप तिलाही हवाच.

तपासणीला येताना फक्त कॅबिनेट आणा, मॉनिटर आणि वायरी घरीच राहू द्या. पासवर्ड मात्र लिहून द्या. आणि मार्च एंडिंगच्या आत या, तेव्हा इथे उभं राहायला जागा नसते.