भुयारी गटारीतले परके पाणी

मृगाची पहिली मोठी सर कोसळली की सखल भागातल्या चेंबरचे झाकण वर उचलले जाते आणि काळे पाणी रस्त्यावर पसरते. गाव वाढले, गटारीचा नळ लहान पडला, तेव्हा मोठा नळ टाका, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. वस्ती वाढली हे खरेच आहे. परंतु जुन्या गटारीत वाहणारे सगळे पाणी घराघरांतून येते, हे गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे. त्यात बाहेरून शिरलेले परके पाणीही असते.

भारतीय अभियंते गटारीचा हिशेब साधारणपणे असा मांडतात: माणशी दररोज 135 लिटर पाणीपुरवठा आणि त्यातला 80 टक्के भाग, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी म्हणून परत. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार होती. या मापाने तेवढ्या लोकांचे सांडपाणी दिवसाला जवळपास 5 कोटी लिटर भरते. पण ते दिवसभर सारखे येत नाही. सकाळी आंघोळी, धुणे आणि भांडी एकाच वेळी सुरू होतात, म्हणून एवढ्या आकाराच्या शहरासाठी मुख्य गटारीची क्षमता सरासरी प्रवाहाच्या सव्वादोन पट धरतात. खानदेशातल्या अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी हा लोंढा आणखी वाढतो आणि मधल्या कोरड्या दिवसांत गटारीच्या तळाशी गाळ बसत राहतो.

आता पावसाचा हिशेब पाहू. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी जमा होते. त्या घरात पाच माणसे राहत असतील, तर त्यांचे दिवसाचे सांडपाणी 540 लिटर असते. म्हणजे गच्चीचा पाइप सोयीसाठी सांडपाण्याच्या चेंबरला जोडला, तर ते एक घर एका तासात आपले साडेचार दिवसांहून अधिक सांडपाणी गटारीत ओतते. अशी दोनशे घरे एका गल्लीत असतील, तर सांडपाण्याच्या हिशेबाने टाकलेला नळ तुंबल्याशिवाय राहणार नाही.

दुसरे परके पाणी जमिनीतून येते. तापी खोऱ्यातली कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही उचल-घसर वर्षानुवर्षे सोसताना सिमेंटच्या किंवा चिनी मातीच्या जुन्या नळांचे सांधे ढिले होतात. पावसाळ्यात भूजल वर चढले की ते या सांध्यांतून आत झिरपते आणि सोबत माती आणते. उन्हाळ्यात हाच मार्ग उलटा चालतो आणि घाण जमिनीत, पर्यायाने विहिरी व कूपनलिकांकडे जाते. कडुनिंब-पिंपळाची मुळे तर ओलाव्याच्या मागावर बारीकशा फटीतूनही नळात शिरतात.

मग नळ सरसकट मोठा का करू नये? नळाचा व्यास दुप्पट केला आणि उतार तोच ठेवला, तर त्याची क्षमता सहापटीहून अधिक वाढते. उतार दुप्पट केला तर ती फक्त सुमारे 1.4 पट होते. ही आकडेमोड मोठ्या नळाच्या बाजूने दिसते, पण गटारीला पाण्याबरोबर मैलाही वाहून न्यायचा असतो. त्यासाठी प्रवाहाचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला सुमारे 60 सेंटिमीटर व्हावा लागतो. गरजेपेक्षा मोठ्या नळात तेच पाणी उथळ आणि पसरट वाहते व मैला मागे राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी मोठ्या गटारी अंड्याच्या आकाराच्या, टोक खाली ठेवून बांधल्या, त्या याच कारणासाठी: पाणी कमी असले तरी ते निमुळत्या तळाशी एकवटून जोराने वाहते.

उताराची विद्या खानदेशाला नवी नाही. पांझरेच्या खोऱ्यातल्या फड पद्धतीत बंधाऱ्यावरून पाटाने पाणी शेताशेतांत पोहोचते, ते केवळ जमिनीच्या कलावर. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि धुळे भागात पांझरेच्या पाटाच्या कामात त्यांनी नळाचा सायफन, म्हणजे खाली उतरून पलीकडे दाबाने पुन्हा वर चढणारा बंद नळ, उभारला. नाल्याखालून गटार पलीकडे न्यायची असते तेव्हा आजही हीच युक्ती लागते. मात्र सपाट भागात उतार महाग पडतो: 200 मिलिमीटरच्या नळाला अडीचशे मीटरमागे एक मीटर उतार दिला, की किलोमीटरभरात तो चार मीटर खोल जातो आणि शेवटी पाणी उपसण्यासाठी पंप बसवावे लागतात.

साचलेला मैला आणखी एक नुकसान करतो. प्राणवायू संपलेल्या गाळात जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो नळाच्या छताशी ओलाव्यात मिसळतो, तिथले दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि काँक्रीट वरून खडूसारखे झडू लागते. उष्णतेत ही क्रिया वेगाने होते, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांपर्यंत जातो. हाच वायू गटारीत उतरणाऱ्या माणसाला काही क्षणांत मारतो. पुरेशा साधनांशिवाय गटार साफ करण्यासाठी माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही असे मृत्यू होत राहतात, ही गोष्ट मला कुठल्याही गळतीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

नळाच्या आत डोकावण्यासाठी आता चाकांवरचा कॅमेरा पाठवता येतो. फुटलेला पण जागेवर असलेला नळ न खोदताही दुरुस्त होतो: रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची लांब पिशवी पाण्याच्या दाबाने आत उलटत नेतात आणि गरम पाण्याने कडक करतात, म्हणजे जुन्या नळात सांधा नसलेला नवा नळ तयार होतो. ही रीत लंडनमध्ये 1971 मध्ये प्रथम वापरली गेली. व्यास किंचित घटतो, परंतु आतली भिंत गुळगुळीत झाल्याने आणि झिरपा थांबल्याने क्षमता बहुधा कमी होत नाही. नळ खरोखरच अपुरा असेल, तर जुना नळ आतून फोडत त्याच मार्गाने त्याहून मोठा नळ ओढून नेता येतो.

यांपैकी काय करायचे, हे खोदकामाची निविदा काढण्याआधी मोजमापानेच ठरावे, असे मला ठामपणे वाटते. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान गाव झोपलेले असते आणि घरातून जवळजवळ काहीच पाणी येत नाही. त्या वेळी चेंबरमधला प्रवाह एकदा मे महिन्यात मोजावा आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये, जमीन भिजलेली असताना आणि पावसाने उघडीप दिलेली असताना. दोन्ही मापांमधला फरक हा जवळजवळ सगळा जमिनीतून शिरलेल्या पाण्याचा असतो, आणि एकेका चेंबरवर तो मोजत वरच्या बाजूला गेले, की कोणत्या गल्लीचे सांधे उघडले आहेत ते कळते.