पार्श्वभूमी : जीप, कॅरिअर आणि ‘फेरबदल’

टपावर तंबू बसवलेली गाडी पासिंगला नेली तर आरटीओत काय होतं, असं मुंबईत हल्ली वरचेवर विचारलं जातं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण जीपला टपच नव्हता.

जीपची जुळणी माझगावात सुरू झाली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. महायुद्धातल्या गाड्याही लिलावातून बाहेर पडत होत्या. पण कुटुंब घेऊन घाटात मुक्कामाला जायचं म्हणून जीप घेणारी माणसं मोठ्या संख्येने दिसू लागली १९८५नंतर, महिंद्राची एमएम ५४० जीप आली तेव्हा. फ्रेंच घडणीचं डिझेल इंजिन असल्याने इंधनाचा खर्च आवाक्यातला. त्याच वर्षी मारुतीची जिप्सी आली, ९७० सीसीची, पेट्रोलची, वजनाने हलकी. जिप्सी चढाला सरस म्हणणारे आणि जीपच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, विश्वास ठेवणारे असे तेव्हा पडलेले दोन पक्ष अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

त्या जीपची तयारी कशी असे, ते सांगायला हवं. मागे समोरासमोर दोन बाक. त्यांच्या मधल्या जागेच्या मापाची प्लायवूडची फळी कापून घ्यायची, दिवसा ती बाकाखाली सारायची आणि रात्री वर टाकून गादी पसरायची. दोन मुलं त्यावर आडवी, मोठी माणसं बाहेर तंबूत. फळीखालच्या खोक्यात रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह, पिना, वॉशर, दोन पातेली. एक घमेलं, एक फावडं आणि टोचनाचा दोर. पावसाळ्याआधी ताडपत्रीच्या हुडाच्या शिवणीवर मेणबत्ती घासायची, नाहीतर माळशेज चढताना पाणी नेमकं ड्रायव्हरच्या मानेवर. लोखंडी काम कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, सुटे भाग ऑपेरा हाउसला. ‘गाडी मॉडिफाय केली’ असं कुणी म्हणत नसे. म्हणत, ‘थोडं काम करून घेतलं.’

घोळ सुरू झाला तो या ‘कामा’ला कायद्याने नाव दिल्यावर. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ५२ मध्ये सुरुवातीला सूर असा होता की बदल करायचा असेल तर आधी नोंदणी कार्यालयाला कळवा, मंजुरी घ्या. २००० साली कलम बदललं. नोंदणी पुस्तकातले तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरबदल करायचा नाही, अशी भाषा आली. सोबत व्याख्याही आली : गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं, तो फेरबदल. आता मूलभूत म्हणजे काय? टपावर चार बोल्टांनी बसवलेलं सामानाचं कॅरिअर? दारामागे जोडलेली स्टेपनीची चौकट? व्याख्या इथे गप्प बसते.

जानेवारी २०१९ मध्ये देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. मंजूर नमुन्यापेक्षा वेगळी बॉडी किंवा रचना चालणार नाही, असं स्पष्ट केलं. वाद रचनेचा होता, पण लोकांपर्यंत पोचलं ते ‘सगळंच बंद’. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये बुल बारवर, म्हणजे बंपरपुढे लावलेल्या लोखंडी नळ्यांवर, कारवाईच्या सूचना राज्यांना गेल्या होत्या. त्यामागचं कारण मात्र रास्त : पुढे लोखंडी नळी असली की एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळत नाही, आणि पायी चालणाऱ्याला मार जास्त बसतो. पुढे २०१९च्याच दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘दर बदलामागे’ हे शब्द वाचून अनेकांनी रात्रीतून वरून लावलेले जादा लाइट उतरवले.

गाडी उंच करून मोठे टायर घालणं आणि बाकांवर फळी टाकणं हे एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ब्रेकवर ताण येतो, गुरुत्वमध्य वर सरकतो. फळीने यातलं काहीच होत नाही. पण चर्चेत दोन्हींना एकच शब्द.

ऑक्टोबर २०२० मध्ये महिंद्राची नवी थार आली, पक्क्या टपाची आणि ऑटोमॅटिकचीही. त्याच सुमारास टाळेबंदीने वैतागलेली कुटुंबं पवनेच्या काठी आणि भंडारदऱ्याला तंबू ठोकू लागली. सामानाची भाषाच बदलली : टपावरचा तंबू, बाजूला उघडणारं छत, बारा व्होल्टचा फ्रिज, दुसरी बॅटरी. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते तयार बांधून नोंदवलेल्या गाड्यांसाठी. घरची गाडी आहे तिथेच राहिली.

एक हिशेब मात्र कुणी करताना दिसत नाही. टपावरचा तंबू साठेक किलो, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, बॅटरी वीसेक, फ्रिज भरून तेवढाच. गाडी हलण्याआधीच दोन माणसांचं ओझं, त्यातलं बरंचसं डोक्यावर. लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच तिरक्या खडकावर ते जाणवतं.

कुर्ल्यात आज कॅरिअर करायला गेलं की कारागीर मापाच्याही आधी विचारतो, ‘बोल्टवर ठेवू, की वेल्डिंग मारू?’ बहुतेक जण बोल्ट सांगतात. पासिंगच्या सकाळी चौदा नंबरच्या पान्ह्याने अर्ध्या तासात उतरतं, आणि संध्याकाळी परत चढतं.