सिंगल स्पीडवर चढ नाही, सपाटी छळते

‘गिअर नसलेल्या, म्हणजे सिंगल स्पीड सायकलवर लांब डोंगरी शर्यत? चढ लागला की संपलंच!’ हे ऐकून ऐकून कान किटले. कोलोरॅडोतली लेडव्हिल शर्यत सुमारे १६० किलोमीटरची, कोलंबाइनचा चढ ३,८०० मीटरच्या आसपास पोचतो. तीही कित्येकांनी १२ तासांच्या मुदतीत सिंगल स्पीडवर पूर्ण केली आहे.

हिशेब करून बघा. साखळीच्या पुढच्या चक्रीला ३२ दाते, मागच्या चक्रीला २०, चाक २९ इंची: पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ३.७ मीटर जाते. खड्या चढावर एवढी ताकद लावत राहणं अवघडच, म्हणून स्वार उभा राहून रेटतो, नाहीतर सरळ उतरून ढकलतो. (लाज कसली?) शेजारचा गिअरवाला मागच्या ५१ दात्यांवर मिनिटाला ६० फेऱ्या मारत ताशी पाचेक किलोमीटरनेच सरकत असतो. झपझप चालणारा फार मागे पडत नाही.

खरी गोची सपाटीवर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी २० किलोमीटर. गिअरवाले भुर्रकन पुढे निघून जातात आणि आपले पाय नुसते भिरभिरत राहतात.