अडकलेली ग्रिडक्षमता मोकळी करणे

वीजप्रकल्पाला किंवा मोठ्या ग्राहकाला ग्रिडशी जोडणी मंजूर झाली, की त्या ठिकाणी तेवढे मेगावॉट त्याच्या नावावर राखून ठेवले जातात. पुढे प्रकल्प रखडला तरी हे आरक्षण आपोआप सुटत नाही. अशी अडकलेली क्षमता परत घेऊन तयारीत असलेल्या अर्जदारांना देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत अनेक देशांत रूढ होत आहे.

अडवणूक खरी होते ती अभ्यासाच्या टेबलावर. नव्या अर्जाचा लोड फ्लो अभ्यास, म्हणजे कोणत्या वाहिनीतून व रोहित्रातून किती वीज वाहील याचे गणित, करताना आधी मंजूर झालेले सगळे प्रकल्प चालू आहेत, असे धरले जाते. समजा, एका उपकेंद्रातले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ५०० मेगावॉट पेलते आणि प्रत्येकी २०० मेगावॉटचे दोन प्रकल्प मंजूर आहेत. तिसऱ्याने २०० मेगावॉट मागितले, की गणितात १०० मेगावॉटचा अतिभार दिसतो. मग त्याच्या माथी नव्या रोहित्राचा खर्च आणि काही वर्षांची प्रतीक्षा येते. प्रत्यक्षात पहिल्या दोघांपैकी एकाच्या जागेवर अजून कुंपणही पडलेले नसते आणि उपकेंद्रात त्याच्यासाठी राखलेला बे, म्हणजे जोडणीची जागा, रिकामा असतो.

जमीन, परवाने, कर्ज किंवा वीजखरेदीचा करार यांपैकी काहीतरी अडते म्हणून प्रकल्प रखडतात. पण काही अर्ज मुळातच जागा धरून ठेवण्यासाठी केलेले असतात. अर्ज स्वस्त आणि अर्जांची रांग ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वावर असेल, तर एकाच प्रकल्पासाठी चार ठिकाणी अर्ज टाकणे विकासकाला परवडते. अमेरिकेत २००० ते २०१८ या काळात जोडणी मागितलेल्या प्रकल्पांपैकी २०२३ अखेरपर्यंत सुमारे १९ टक्केच उभे राहिले, असे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेची आकडेवारी सांगते.

ब्रिटनमध्ये रांग ७०० गिगावॉटच्या वर गेली होती. तिथे २०२२-२३ मध्ये आधी स्वेच्छेने, कमी खर्चात बाहेर पडण्याची सवलत देऊन पाहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियामक ‘ऑफजेम’ने जमीन, परवाना, बांधकाम असे टप्पे बंधनकारक करून ते चुकल्यास जोडणीचा करार रद्द करण्याचा अधिकार दिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये तयारी व गरज या निकषांवर संपूर्ण रांग नव्याने लावण्यास मान्यता दिली. स्पेनने २०२० मध्ये असेच टप्पे कायद्यात घातले; टप्पा हुकला की जोडणीचा परवाना आपोआप संपतो. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०२३ च्या आदेशात अनामत वाढवली आणि माघारीवर दंड ठेवला. भारतात केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि वाढीव मुदत धरून ठरलेल्या तारखेनंतर सहा महिन्यांत व्यावसायिक निर्मिती सुरू झाली नाही, तर तेवढी जोडणी रद्द होऊ शकते.

नुसती अनामत वाढवून भागत नाही. पैसेवाला विकासक ती भरून निवांत बसू शकतो. टप्प्यांची अट जास्त परिणामकारक, मात्र ती राबवणे वादाचे असते. पारेषण कंपनीचीच वाहिनी उशिरा येणार असेल, तर विकासकाला दोषी धरता येत नाही आणि मुदतवाढ द्यावी लागते. आपल्या हाताबाहेरचे कारण पुढे करून मुदत मागणारेही असतात. म्हणून जमिनीची कागदपत्रे किंवा यंत्रसामग्रीच्या ऑर्डरी असे तपासता येण्याजोगे पुरावे मागितले जातात.

मोकळी झालेली क्षमता कुठेही वापरता येत नाही. ती त्याच उपकेंद्राशी आणि त्याच वाहिन्यांशी बांधलेली असते. शिवाय एखादा मोठा प्रकल्प बाहेर पडला, की ग्रिडच्या सामाईक मजबुतीकरणाच्या खर्चातला त्याचा वाटा उरलेल्यांवर येऊ शकतो. मग अभ्यास पुन्हा करावा लागतो, आकडा बघून आणखी कुणी माघार घेतो आणि परत फेरअभ्यास लागतो. एकेक अर्ज वेगळा न तपासता एका भागातल्या अर्जांचा गटाने अभ्यास करण्याकडे नियामक वळले, त्यामागे ही साखळी हे एक मोठे कारण आहे.