जिभेचा दोष नाही

फोन उचलला जातो आणि पलीकडून काहीच ऐकू येत नाही. तीन सेकंद, सात सेकंद. एखाद्या दुकानात किंवा कचेरीत एव्हाना ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये’ म्हणत फोन ठेवून दिला असता. इथे मात्र उचलणारी बाई एवढंच म्हणते, ‘मी ऐकतेय,’ आणि गप्प बसते. मग पलीकडे अडकलेला ‘म’ सुटतो. ‘म्... म्... माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याचंही मा... माझ्यासारखंच व्हायला लागलंय.’

तोतरेपणासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या हेल्पलाइनवर असा एखादा फोन येतो, तेव्हा पहिलं काम असतं ते त्या शांततेला न घाबरण्याचं. खरं तर तोतरं बोलणाऱ्याला सगळ्यात नकोसं वाटणारं यंत्र म्हणजे फोनच. समोर असलेल्या माणसाला निदान ओठ हललेले दिसतात. फोनवर शब्द अडला की लाइन तुटल्यासारखीच वाटते. म्हणून ब्रिटनमधली ‘स्टॅमा’ ही संस्था फोनच्या जोडीला लेखी चॅटचीही सोय ठेवते.

या बापाच्या मनात दोन प्रश्न असतात. एक तो विचारतो: हे जाईल का? दुसरा बहुधा विचारतच नाही: हे माझ्यामुळे झालं का?

पहिल्याचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे. तोतरेपणा साधारण दोन ते पाच या वयात, मूल वाक्यं जोडायला शिकतं तेव्हा सुरू होतो. शंभरातली पाच ते आठ मुलं त्यातून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांचं बोलणं पुढे आपोआप सुरळीत होतं. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. कोणाचं टिकेल हे आधी सांगता येत नाही, पण काही खुणा आहेत. घरात आणखी कोणी तोतरं बोलत असेल, मूल मुलगा असेल, अडखळणं साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं असेल किंवा सहा महिने ते वर्षभर टिकलं असेल, तर वाट न बघता स्पीच थेरपिस्टला दाखवावं. आपल्या या बापाच्या बाबतीत निदान दोन खुणा जुळतात, म्हणून त्याला ‘होईल आपोआप’ म्हणून वाटेला लावलं जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मोठा आणि काहीसा लाजिरवाणा इतिहास आहे. 1841 मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेचा पाचरीसारखा तुकडा कापून काढायला सुरुवात केली, तीही भूल न देता. जीभ निर्दोष सुटली तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आईबाप आले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरं बोलायचे. लहान मुलाच्या नैसर्गिक अडखळण्याला घरचे ‘तोतरेपणा’ म्हणतात, म्हणून मूल धास्तावतं आणि खरोखर अडकायला लागतं, असं त्यांचं मत होतं. 1939 मध्ये त्यांच्या हाताखालच्या मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही तोतरे आहात’ असं बजावलं गेलं. त्यांना तोतरेपणा जडला नाही. पण ती गप्प गप्प राहू लागली, वर्गात बोलेनाशी झाली. विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 मध्ये, आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने त्या मुलांपैकी सहा जणांना किंवा त्यांच्या वारसांना मिळून 9 लाख 25 हजार डॉलर दिले. तरीही ‘मुलाच्या मनाला काहीतरी लागलं असेल, कोणीतरी ओरडलं असेल’ ही समजूत अजून घराघरांत जिवंत आहे.

आज जे हाती आहे ते वेगळं सांगतं. 2010 मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या गटाला तोतरेपणाशी जोडलेली पहिली जनुकं सापडली, आणि तीही पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या यंत्रणेतली, जिथे कोणी शोधलं नसतं. 2025 मध्ये 10 लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची माहिती चाळल्यावर जनुकसंचातल्या तोतरेपणाशी संबंधित 57 जागा पुढे आल्या. मेंदूच्या चित्रांत डाव्या बाजूला ऐकणं आणि बोलणं जोडणाऱ्या तंतूंची बांधणी थोडी वेगळी दिसते. हालचालीला ‘आता’ असा इशारा देणाऱ्या, मेंदूच्या आत खोलवर असलेल्या केंद्रांची वेळही चुकते. शब्द माहीत असतो, जीभ तयार असते, इशारा उशिरा येतो. म्हणूनच बाहेरून ताल मिळाला की गाडी सुटते. हीच माणसं गाणं न अडखळता म्हणतात, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून धडाही वाचतात.

मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो 2021 मधला न्यूयॉर्क विद्यापीठाचा प्रयोग. तोतरं बोलणाऱ्या प्रौढांना खोलीत एकटं सोडून, आपल्याला कोणी ऐकत नाही याची त्यांना खात्री पटेल अशी व्यवस्था केली. स्वतःशी बोलताना ती माणसं जवळजवळ अडखळलीच नाहीत. ऐकणाऱ्यामुळे तोतरेपणा होतो, असा याचा अर्थ नाही. मुळं मेंदूतच आहेत. पण तो उमटायला समोर कान लागतो.

मग मदत करायची तर त्या कानापासून सुरुवात करणं आलंच. जोसेफ शीहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती: ऐकू येतं ते वरचं टोक, भीती, शरम आणि टाळाटाळ पाण्याखाली. टाळाटाळ किती सराईत असते! ‘मंगळवार’ अडणार असं आधीच कळतं, म्हणून माणूस ‘परवा’ म्हणतो. नको असलेली बस पकडतो, कारण हव्या त्या थांब्याचं नाव तोंडातून निघणार नसतं. अडतं ते स्वतःच्या नावाशी, कारण त्याला पर्यायी शब्द नाही. आणि नाव सांगताना अडखळलं की समोरचा हसून विचारतो, ‘काय, नाव विसरलात की काय?’

या पाण्याखालच्या भागावर संस्था काम करतात. मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी माल्कम फ्रेझर स्वतः तोतरं बोलत. त्यांनी 1947 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये ‘स्टटरिंग फाउंडेशन’ काढलं. 1977 मध्ये सुरू झालेली ‘नॅशनल स्टटरिंग असोसिएशन’ गावोगावी बैठका भरवते आणि वर्षातून एक मोठं संमेलन घेते. तिथे माइक सगळ्यांसाठी खुला असतो. कोणी अर्धा मिनिट एकाच अक्षरावर अडला तरी दुसरा कोणी त्याचं वाक्य पुरं करत नाही. मायकेल बॉयल या संशोधकाच्या 2013 च्या पाहणीत अशा गटांत जाणाऱ्यांच्या मनात स्वतःबद्दलचा कमीपणा कमी दिसला. अर्थात, मुळातच धीट असलेलेच गटात जात असतील, अशी शंका राहतेच.

घरच्यांसाठी लंडनच्या ‘मायकेल पेलिन सेंटर’ची पद्धत मला फार आवडते. 1993 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला ज्या अभिनेत्याचं नाव आहे, त्याचे वडील तोतरे होते. केंद्र आईबापांना सांगतं, आठवड्यातून काही दिवस फक्त पाच मिनिटं द्या. खेळ मुलाने निवडायचा, फोन बंद. मूल ठोकळा ठेवतं, बाप म्हणतो, ‘अरे, हा उंच झाला.’ मग गप्प. पुढचं वाक्य मुलाचं, त्याच्या सवडीने. या पाच मिनिटांचं चित्रीकरण होतं आणि नंतर ते बघून आईबापच आपलं आपण ठरवतात काय जमलं ते. ‘सावकाश बोल’, ‘दीर्घ श्वास घे’ हे सल्ले यात कुठेच नाहीत. ते प्रेमापोटी दिले जातात, पण मुलाला ऐकू येतं ते ‘तुझं बोलणं चुकतंय’ एवढंच.

शिक्षकांसाठी माहितीपत्रकं असतात. वर्गात ओळीने वाचन सुरू झालं की असं मूल धडा ऐकत नसतं. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते मोजत असतं. दोघादोघांनी मिळून वाचायला लावलं, तर ते सुरळीत वाचतं आणि वर्गात वेगळंही दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत एक नवीनच ऐकणारा आला आहे: तोंडी सांगितलेलं काम करणारं यंत्र. जरा थांबलं की वाक्य संपलं असं धरून ते भलतंच काही करून बसतं. अशा बोलण्याची सवय यंत्राला व्हावी म्हणून अॅपलच्या संशोधकांनी 2021 मध्ये तोतरं बोलणाऱ्यांच्या पॉडकास्टमधून सुमारे 28,000 छोटे तुकडे वेचून खुले केले. पुढच्याच वर्षी आयफोनमध्ये, सिरी या त्यातल्या बोलक्या मदतनिसाने बोलणाऱ्याची किती वाट पाहायची, हे ठरवायचे तीन पर्याय आले: नेहमीएवढी, जास्त, सगळ्यात जास्त.