घरकुल अनुदान (नागरी, महाराष्ट्र)

नगरपालिका, नगरपंचायती व महानगरपालिका यांच्या हद्दीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांना पक्के घर मिळावे म्हणून राज्य शासन या संस्थांमार्फत देत असलेले अर्थसाहाय्य. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणेचा समावेश असला, तरी घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासकीय अनुदाने यांवर चालणाऱ्या लहान नगरपालिकेला घरबांधणीचा खर्च स्वबळावर पेलणे शक्य नसते.

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (नागरी) स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या लाभार्थ्याला केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. राज्यात या योजनेचे समन्वयन म्हाडाकडे सोपवण्यात आले. नगरपालिका लाभार्थी निश्चित करून सविस्तर प्रकल्प अहवाल सादर करते, बांधकाम परवानगी देते आणि कामाच्या प्रगतीनुसार हप्ते लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करते. जोता, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई), छत अशा प्रत्येक टप्प्यावर बांधकामाचे स्थाननिश्चितीसह छायाचित्र घेतले जाते व त्याच्या पडताळणीनंतरच पुढचा हप्ता सुटतो. जुने घर पाडून बांधकाम सुरू केलेल्या कुटुंबाला दरम्यानच्या काळात भाड्याने राहावे लागत असल्याने, हप्ता लांबला की भाडे आणि उसनवारी असा दुहेरी बोजा त्याच्यावर पडतो. जागेचा उतारा नावावर नसलेली कुटुंबे तर स्वतःच्या जागेवरील घरबांधणीच्या या घटकाच्या बाहेरच राहतात. शासकीय जमिनीवरील अतिक्रमणे नियमित करून पट्टे देणे हे म्हणूनच अनुदानाइतकेच निकडीचे काम आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास योजना स्वतंत्रपणे राबवली जाते.

या व्यवस्थेतील मुख्य उणीव रकमेची आहे. सिमेंट, सळई, वाळू व मजुरी यांचे दर २०१५ नंतर सतत चढत गेले. परंतु १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही केंद्राचा हिस्सा दीड लाखच असून राज्यांनी किमान एक लाख द्यावेत, असे ठरले. ही रक्कम घराच्या चार भिंतींपुरती असते. नव्या वस्तीपर्यंत जलवाहिनी, गटार व रस्ता नेण्याचा भार नगरपालिकेवरच येतो, आणि त्यासाठी तिला शहरांतील पायाभूत सुविधांसाठीच्या नगरोत्थान अभियानासारख्या दुसऱ्या योजनेतून निधी मागावा लागतो. तो वेळेत न मिळाल्यास बांधून तयार झालेली घरेही राहण्याजोगी होत नाहीत.