मोडी लिपीचे यंत्रवाचन

मोडीतील हस्तलिखित कागदाच्या प्रतिमेवरून संगणकाकरवी देवनागरी (बालबोध) मजकूर तयार करून घेण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत करवीर संस्थानच्या, म्हणजे आजच्या कोल्हापूर परिसरातील, कागदांचा संदर्भ मुख्य धरला आहे. ताराबाईंनी करवीरची गादी सुमारे १७१० मध्ये पन्हाळ्यावर स्थापन केली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर या दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या सुमारे दोनशे चाळीस वर्षांतील हाताने लिहिलेला कारभार बव्हंशी मोडीत आहे. त्याचा काही भाग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि काही भाग वतनदार घराण्यांच्या माळ्यांवर रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेला आढळतो.

व्युत्पत्ती व काल : ‘मोडी’ या नावाबद्दल एकमत नाही. मोडून, म्हणजे अक्षरे वळवून लिहितात ती मोडी, ही व्युत्पत्ती सर्वांत प्रचलित आहे. फार्सीतील ‘शिकस्ता’ या घसरत्या लेखनपद्धतीच्या नावाचा अर्थही ‘मोडलेली’ असाच होतो. त्यावरून मोडी हे नाव त्याचेच भाषांतर असावे, असे काही अभ्यासक मानतात. ‘मौर्यी’वरून ‘मोडी’ ही उपपत्ती ध्वनिदृष्ट्या ओढून आणलेली वाटते. यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तरप्रमुख) हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत (तेरावे शतक) याने ही लिपी लंकेहून आणली ही आख्यायिका झाली. त्याने आधीपासून असलेल्या घसरत्या लेखनाला दप्तरात शिस्त लावली, हे मत अधिक संभाव्य दिसते. शिवकालात बाळाजी आवजी चिटणीस यांच्याकडे वळण सुधारण्याचे श्रेय दिले जाते. पेशवाईत चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे नावारूपाला आली.

वळणांचा हा भेद यंत्रवाचनाला अगदीच गैरलागू नाही. यंत्र ज्या वळणाचे नमुने पाहून शिकते तेच त्याला चांगले वाचता येते. बोरूने लिहिलेल्या अक्षराची रेघ जाड-बारीक होते आणि प्रतिमेत ठळक उतरते; आंग्लकाळातील टाकाची (धातूच्या टोकाच्या लेखणीची) रेघ केसासारखी असते आणि प्रतिमा निव्वळ काळी-पांढरी करताना निम्मी गळून जाते. म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरावर तयार केलेले साधन कोल्हापूरच्या विसाव्या शतकातील तलाठी-नोंदीवर जसेच्या तसे चालेल अशी अपेक्षा धरू नये.

प्रतिमा घेणे : रुमाल सोडल्यावर बंद (कागदाचे ताव) सुटे करून घड्या मऊ ब्रशने झाडाव्यात, इस्त्री फिरवू नये, जुना कागद त्याने ठिसूळ होतो. स्कॅन रंगीत व किमान ३०० डीपीआयचा (दर इंचास ३०० ठिपके) हवा, बारीक टाकलेखनास ४०० बरा. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला, न दाबलेल्या स्वरूपात, सुमारे २६ एमबी भरते. म्हणजे हजार पानांना २६ जीबी. आजच्या साठवणीच्या दरात ही अडचण राहिलेली नाही, आणि खरा बदल इथेच झाला आहे. पूर्वी कागद दुर्मिळ होता. आता कागदाच्या प्रतिमा मुबलक आणि वाचणारे मोजके, अशी स्थिती आली. मागच्या पानाची शाई पुढे उमटत असेल तर पानामागे काळा कागद ठेवल्याने बराच फरक पडतो.

वाचन : मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लटकवतात, हात न उचलता लिहिण्यावर भर असतो. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. यंत्र प्रथम ओळी वेगळ्या काढते. ओळ तिरकी गेली किंवा वरच्या ओळीचा उकार खालच्या शिरोरेषेत घुसला की इथेच चूक होते. जुन्या पद्धतीत पुढे एकेक अक्षर कापून ओळखत, परंतु जोडलेल्या अक्षरांमुळे ती फारशी यशस्वी झाली नाही. अलीकडील पद्धतीत सबंध ओळ किंवा पान एकदम पाहून मजकूर लिहिला जातो. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला २,०४३ प्रतिमा व त्यांच्या लिप्यंतरांचा संच याच धर्तीच्या कामासाठी आहे. मोडीला युनिकोडमध्ये (संगणकावरील लिपिचिन्हांच्या जागतिक संकेतसंचात) जागा जून २०१४ मधील ७.० या आवृत्तीत मिळाली (७९ चिन्हे). तथापि बहुतेक साधने मोडी चिन्हे न लिहिता थेट देवनागरीत उतरतात. त्यामुळे मुळात नसलेला ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय यंत्र परस्पर घेऊन टाकते. वंशावळीतला ‘सुत’ (मुलगा) आणि जकातीच्या यादीतले ‘सूत’ मोडीत सारखेच दिसतात. ‘रामाजीवाजी’ या सलग अक्षरांत ‘रामा जिवाजी’ अशी दोन नावे आहेत, हे ‘वाजी’ नाव कोणी ठेवत नाही एवढ्या ज्ञानावर माणूस सोडवतो.

कालगणनेतील चूक सर्वांत महाग पडते. शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात; मृग नक्षत्राला सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळवले की तो ज्या इसवी सनात सुरू झाला ते वर्ष येते, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या नोंदीला ६०० मिळवतात. ‘सन खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५०, अर्थात १७४९-५०. पान दुमडल्याने ‘खमसैन’चा शेवट झाकला गेला आणि यंत्राने ‘खमस’ वाचले, तर ११०५, म्हणजे १७०४-०५ होते. दुसऱ्या संभाजीच्या कारकिर्दीतला कागद करवीरची गादीच नव्हती त्या काळात जाऊन बसतो. तिथीमागचा ‘छ’ हा चांद्रमासातील दिवसाचा संकेत आहे, ‘मौ॥’ मौजे आणि ‘क॥’ कसबे. हे संकेत आधी कोशात भरून दिले नाहीत तर यंत्र त्यांना अक्षरे समजते किंवा गाळते.

भाषिक प्रारूपांवर (पुढचा संभाव्य मजकूर अंदाजाने लिहिणाऱ्या प्रणालींवर) चालणाऱ्या साधनांची चूक निराळ्या जातीची असते. जुने यंत्र अडले की निरर्थक अक्षरे देई, आणि चूक लगेच दिसे. नवे यंत्र फाटलेल्या जागी सफाईदार मराठी भरते. हातकणंगल्याजवळचे ‘आळते’ पुसट असेल तर अधिक परिचित ‘आळंदी’ लिहिले जाणे सहज शक्य आहे, आणि वाक्य वाचताना कुठेच खटकत नाही. उपाय साधा आहे : जुन्या पेट्यांतील (महसुली पोटविभागांतील) गावांची यादी जोडावी, शंकास्थळी कंसात प्रश्नचिन्ह देण्याची सक्ती करावी आणि तपासणी मूळ प्रतिमेशी ओळ ताडून करावी, नुसता मजकूर वाचून नव्हे. अचूकतेचे आकडेही जपून घ्यावेत. शंभर अक्षरांत पाच चुका म्हणजे ९५ टक्के अचूकता. परंतु पाच अक्षरी शब्द धरल्यास दर चार-पाच शब्दांत एक सदोष निघतो.

सामाजिक परिणाम : सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींचा शोध पुढे राज्यभर सुरू झाला आणि मोडी वाचक एकाएकी हवेसे झाले. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे ‘कोतवाल बुक’, यातील एका शब्दावर कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबू लागले. अशा कामी यंत्राचे लिप्यंतर पान शोधण्यापुरते उपयोगी पडते. दाखल करायचे लिप्यंतर जाणकाराच्या सहीचेच लागते. मोडी वाचकाचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही, बदलला आहे : पूर्वी तो वाचत असे, आता तपासतो, आणि दुसऱ्याची चूक शोधणे स्वतः वाचण्यापेक्षा पुष्कळदा जास्त वेळ खाते. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षणवर्गांची गरज म्हणूनच कमी झालेली नाही.

छापील साहित्य, उदाहरणार्थ २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा ज्यात आला ते करवीर सरकारचे गॅझेट, बालबोध मुद्रणात असल्याने सामान्य अक्षरवाचनाने बरेचसे निघते. गडहिंग्लज भागातील कन्नडमिश्रित कागद या साधनांच्या कक्षेत अद्याप नीट आलेले नाहीत.

खासगी संग्रहांत काम बहुधा मोबाइलवर होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबली जाते आणि टाकाच्या रेघा विरघळतात. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ आकारात पोहोचते. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागदाला समांतर धरून घ्यावा आणि कोपऱ्यात रुमालाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी यावी. क्रमांक नसलेले पान कुठल्या रुमालात परत ठेवायचे हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.